पिन बसेना

युरोपात बघण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात. असेल. ग्रुपमधली बाकीची मंडळी माना वर करून कमानी, मनोरे, घुमट बघत चालायची आणि मी मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने. माझी नजर जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण सॉकेटं तिथे असतात. सांगलीच्या एका काकूंना हा माझा विनय वाटला. "इतकी खाली मान घालून चालणारा नवरा हल्ली कुठे मिळतो?" असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. बायकोने त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला. माझं कौतुक ऐकायची तिलाही सवय नाही, जरा मजा घेतली असेल.

मुळाशी होता आमच्या चिरंजीवांचा गेम. निन्टेन्डो स्विच. मेहुण्यांनी दुबईहून आणलेला. मेहुणे दर खेपेला दुबईहून काहीतरी आणतात आणि त्या वस्तूचा प्लग आमच्या घरातल्या बोर्डात बसत नाही. दुबईत इंग्रजी पद्धतीचा प्लग असतो, तीन जाड चपट्या पिना आणि पोटात फ्यूज. आपल्याकडे तीन गोल. या गोल पिनाही मूळच्या इंग्रजांच्याच बरं का. स्वतःसाठी चपट्या पिनांचं नवं मानक त्यांनी काढलं ते १९४७ साली. त्याच साली ते इथून गेले आणि जुन्या गोल पिना आपल्याकडे ठेवून गेले. कोहिनूर परत मागणारे पुष्कळ भेटतात, पिनांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

त्याआधी आमच्या घरात एक अमेरिकन गेम नांदून गेला होता. न्यू जर्सीच्या चुलतभावाने मुलाचा जुना थ्रीडीएस दिला, चार्जरसकट. त्या चार्जरच्या पिना आमच्या बोर्डात अलगद बसल्या आणि तिथेच घात झाला. चार्जर १२० व्होल्टचा, घरात २३०. 'फट्' असा आवाज, जळक्या प्लास्टिकचा वास आणि आईचं "तरी मी सांगत होते", तिन्ही एकदमच. आई काहीही सांगत नव्हती. ती तेव्हा भाजी निवडत होती.

तेव्हापासून मी कुठलाही चार्जर आधी भिंगाखाली धरतो. ठोकळ्याच्या पोटावर काळ्या रंगावर राखाडी अक्षरं असतात. चष्मा कपाळावर सरकवून, ठोकळा दिव्यापाशी तिरका धरून, श्वास रोखून ती वाचावी लागतात. स्विचच्या चार्जरवर 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं आहे. म्हणजे जपानचे १०० व्होल्ट असोत, अमेरिकेचे १२० असोत की आपले २३०, ठोकळा आतल्या आत जुळवून घेतो. मला त्याच्याबद्दल आदर वाटला. आमच्या घरात एवढं जुळवून घेणारं दुसरं कोणी नाही. अडतं ते फक्त पिनांपाशी.

मेहुण्यांना हे पटेना. "दाजी, एक ट्रान्सफॉर्मर घेऊन ठेवा. रिस्क नको."

"अहो, युरोपातही २३०च आहेत."

"त्यांचे २३० वेगळे असतात," मेहुणे म्हणाले. ते सहलीला बरोबर येणार होते.

मी ट्रान्सफॉर्मरचा विषय टाळला आणि अडॅप्टर घ्यायला तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू बिघडली की माणसाचे पाय आपोआप तपकीर गल्लीकडे वळतात. दुकानदार कसलीशी वायर सोलत होते. वायरीवरची नजर न काढता म्हणाले, "कुठे जाणार?"

"युरोप."

"युरोप म्हणजे?"

"लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली."

"म्हणजे चार."

"हो, चार देश."

"चार पिना म्हणतोय मी."

मग त्यांनी काउंटरवर युनिव्हर्सल अडॅप्टर नावाचा चौकोनी ठोकळा आपटला. त्याच्या कडेला खटके. एक सरकवला की अमेरिका बाहेर येते, दुसरा सरकवला की इंग्लंड, तिसऱ्याने युरोप.

"हा सगळीकडे चालेल ना?"

"चालेल. बसेल की नाही ते तिथली भिंत सांगेल."

पुणेरी दुकानदारांच्या फटकळपणावर लोक विनोद करतात. हा गृहस्थ इतकं शास्त्रशुद्ध बोलला होता हे मला पॅरिसला पोचल्यावर कळलं.

आता गेमबद्दल आमच्या घरचं धोरण सांगायला हवं. घरी रोज अर्धा तास. वर एक मिनिट नाही. बायको घड्याळ लावून बसते. आईचं मत याहून कडक, "डोळ्यांच्या खाचा होतील." मी मधूनमधून 'आमच्या वेळी विटीदांडू होता' हे भाषण करतो. विटीदांडूत माझ्या वर्गातल्या एकाचा डोळा थोडक्यात वाचला होता, तेवढा भाग गाळतो. असं हे तत्त्वनिष्ठ कुटुंब मुंबई विमानतळावर पोचलं आणि चेक-इनच्या रांगेत बायकोने चिरंजीवांना पहिला प्रश्न विचारला, "गेम घेतलायस ना रे?"

"हो."

"चार्ज केलायस?"

"अर्धाच. तूच काल बंद करायला लावलंस."

बायकोचा चेहरा पडला. पुढे दहा तासांचं विमान होतं. आईने तर सरळ पक्ष बदलला. "कशाला मुलाला सारखं बोलता? खेळू द्यावं जरा. मला डोळा लागतो तेवढ्यात."

पॉवर बँक होती, पण ती मेहुण्यांनी ओझं नको म्हणून चेक-इनच्या बॅगेत टाकली होती. लिथियमची बॅटरी त्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानातच लागते. त्यामुळे नावाचा पुकारा, बॅग उघडणं, सगळ्यांसमोर बेसनलाडूंचा डबा, छोटा कुकर आणि मेहुण्यांची लोकरी कानटोपी बाहेर येणं असा सोहळा झाला. शेवटी पॉवर बँक सापडली, तर तिच्यावरचा आकडा घासून पुसून गेलेला. क्षमता छापलेली नसेल तर विमानात नाही म्हणाले. पॉवर बँक भारतातच राहिली. कुकर आला.

लंडनला मात्र आमची चैन झाली. चार्जर दुबईचा, प्लग इंग्रजी, भिंत इंग्रजी. खट्‌कन बसला. भिंतीवर सॉकेटशेजारी बटणसुद्धा होतं, आपल्यासारखं. आईला देश आवडला. अडचण एकच, आता आम्हा बाकीच्यांचे फोन चार्ज होईनात. युनिव्हर्सल अडॅप्टर एक आणि फोन चार. बाथरूममध्ये दोन भोकांचं एक सॉकेट होतं, पण त्यावर 'फक्त दाढीच्या यंत्रासाठी' अशी पाटी. इंग्रज माणूस आंघोळीच्या जागी दाढीपलीकडे कुणाला वीज देत नाही.

मेहुण्यांनी मग आपलं कौशल्य दाखवलं. इंग्रजी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झाकणं असतात. वरच्या भोकात लांब अर्थिंगची पिन शिरली की ती झाकणं सरकतात. पोराबाळांनी भोकात काही घालू नये म्हणून ही सोय. मेहुण्यांनी वरच्या भोकात बॉलपेनचं टोपण खुपसलं आणि खाली आपला दोन गोल पिनांचा चार्जर रेटला. नेमके तेव्हाच टूर मॅनेजर उद्याच्या न्याहारीची वेळ सांगायला दारात उभे.

"साहेब, काय करताय? इंग्रजांनी एवढा विचार करून ती झाकणं बसवलीयत."

"विचार त्यांनी केला. उपाय आपण काढला."

"हॉटेल पेटलं तर पैसेही आपणच भरायचे, एवढं लक्षात ठेवा." त्यांनी स्वतः टोपण उपसून काढलं आणि खिशात घातलं. त्यांच्या खिशात आणखी बरीच टोपणं दिसली.

पॅरिसमध्ये भिंतच बदलली. तिथलं सॉकेट म्हणजे भिंतीत बसवलेली गोल खोलगट वाटी. त्यात दोन भोकं, आणि वर अर्थिंगची पिन सॉकेटातूनच बाहेर आलेली. आपण प्लगच्या पिनांना भोकं शोधत आलेली माणसं. इथे भिंतच पिन घेऊन उभी. आमचा चौकोनी अडॅप्टर त्या गोल वाटीत शिरेचना. चौकोनाचे कोपरे काठावर अडकायचे आणि पिना आत जेमतेम टेकायच्या. त्यावर इंग्रजी प्लगचा ठोकळा लटकवला की सगळा डोलारा पाच सेकंद थांबून गादीवर पडायचा.

आईची चौकशी दुसरीच. "याचं बटण कुठंय?"

"इकडे बटण नसतं, आई."

"मग बंद कसं करतात?"

"प्लग काढून ठेवतात."

"आणि तोवर वीज चालूच?" त्या रात्री आईने रिकाम्या सॉकेटपुढे खुर्ची ओढून ठेवली. फ्रान्सच्या वीजमंडळावर तिचा विश्वास बसला नाही.

चार्जर भिंतीला टेकून राहावा म्हणून आम्ही मोठी सूटकेस उभी केली, तिच्यावर लाडूंचा डबा, डब्यावर मेहुण्यांची कानटोपी घडी करून, आणि सगळ्यात वर माझा बूट. बुटाच्या टाचेने अडॅप्टर अलगद दाबला गेला आणि गेमच्या पडद्यावर बॅटरीचं चिन्ह उगवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हवा लागून पडलं असतं. तीन तासांत पूर्ण चार्ज होतो असं कंपनी म्हणते. तीन तास कोणी हलायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या तासाला मेहुणे बाथरूमला उठले.

सकाळी गेममध्ये अकरा टक्के होते आणि दिवसभराचा बसप्रवास पुढ्यात.

या सगळ्यात आईच्या फोनचा चार्जर मात्र, लंडन सोडलं तर, जाईल तिथे गपकन बसत होता. तो साधा, बारक्या दोन गोल पिनांचा, गावी जत्रेत घेतलेला. युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक भिंतीला अशा बारीक गोल पिना चालतात. युनिव्हर्सल म्हणून पैसे मोजून घेतलेला ठोकळा लोंबकळत होता आणि जत्रेतला चार्जर गृहप्रवेश करत होता. आईचा फोन कायम शंभर टक्के. ती त्यावर सकाळी एक 'शुभ सकाळ' पाठवते आणि पर्समध्ये ठेवते. तो चार्जर आम्ही गेमला लावून पाहिला. चालला, पण त्याची धाव फोनापुरती. गेम झोपवून ठेवला तर टक्के मुंगीच्या पावलांनी चढायचे. खेळत राहिलं की जागचे हलायचे नाहीत. उत्पन्न तेवढाच खर्च. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

लूव्ह्रला जाताना बायकोने बसमध्येच बजावलं. "हे जगातलं मोठं संग्रहालय आहे. इथे गेम बाहेर काढलास तर बघ. जरा कलेकडे बघायला शीक." चिरंजीवांनी निमूटपणे गेम बॅगेत टाकला. आत गेल्यावर टूर मॅनेजरने ऑडिओ गाइडच्या काउंटरवर सगळ्यांना उभं केलं आणि काउंटरवरच्या मुलीने एकेकाच्या गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं यंत्र घातलं. चिरंजीव ओरडले, "बाबा, थ्रीडीएस!"

खरोखरच थ्रीडीएस होता. २०१२ सालापासून लूव्ह्रने ऑडिओ गाइड म्हणून निन्टेन्डोचाच हा गेम वापरायला घेतला होता. आपण कुठल्या दालनात उभे आहोत ते पडद्यावरच्या नकाशात दिसायचं, चित्राची माहिती कानात ऐकू यायची. माझ्या बायकोच्या गळ्यात गेम होता, माझ्या गळ्यात गेम होता, सांगलीच्या काकूंच्या गळ्यात, मंगळसूत्रावर, गेम होता. एवढ्या वर्षांचं आमचं धोरण फ्रेंच सरकारने एका काउंटरवर निकालात काढलं. चिरंजीव काही बोलले नाहीत. फक्त स्वतःच्या आईकडे बघत राहिले. तेवढं पुरेसं होतं.

पुढचे दोन तास चिरंजीव ग्रुपचे गुरुजी झाले. "आजी, बी दाब. नाही, तो नाही. मागे ये." आजी एका बाकावर जी बसली ती उठेना. मोनालिसाच्या दालनात एवढी गर्दी होती की समोरच्यांच्या उंचावलेल्या फोनांमधून तिचं जेमतेम कपाळ दिसत होतं. आईला म्हटलं, चल, बघून घे. ती पडद्यावरून डोळे न काढता म्हणाली, "याच्यात जवळून दिसतीय." डोळ्यांच्या खाचांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

मला वेगळाच प्रश्न पडला होता. एवढे सगळे थ्रीडीएस रोज रात्री चार्ज कोण करतं? कुठेतरी एक खोली असणार. तिच्यात भिंतभर सॉकेटं असणार आणि प्रत्येकात प्लग नीट बसलेला असणार, बुटाशिवाय. लूव्ह्रमध्ये मला मनापासून बघावीशी वाटली ती ही खोली. काउंटरवरच्या मुलीला माझ्या इंग्रजीत विचारलं. तिने अतिशय आपुलकीने टॉयलेटचा रस्ता दाखवला.

पॅरिस सोडण्यापूर्वी मी स्थानिक गोल, जाडजूड अडॅप्टर विकत घेतला. वाटीत चपखल बसणारा. मी विजयी मुद्रेने स्वित्झर्लंडमध्ये उतरलो. स्विस सॉकेटची वाटी गोल नसते, ती बारकी षट्कोनी असते आणि तिसरं भोक मधूनच किंचित बाजूला सरकलेलं. फ्रान्सचा जाडजूड अडॅप्टर त्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता. जत्रेतला चार्जर गपकन बसला.

पुढे, २८ डिसेंबर २०२४ पासून, युरोपीय संघाने नियम लागू केला की फोन, टॅबलेट, कॅमेरे इतकंच काय, हातात धरून खेळायच्या गेमनाही एकाच पद्धतीची, म्हणजे यूएसबी-सी, खाच हवी. बातमी वाचून मला भरून आलं. मग लक्षात आलं की स्विचला ती खाच पहिल्यापासूनच होती. यंत्राकडचं टोक कधी अडलंच नव्हतं, आमचं सगळं भिंतीकडचं. भिंतीबद्दल मात्र एकमत होत नाही. जगात प्लगचे प्रकार ए पासून ओ पर्यंत पंधरा आहेत. १९८६ साली तज्ज्ञांनी बसून सगळ्या जगासाठी एक प्लग काढूनही दिला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका पुढे आले, बाकीच्यांनी छान आहे म्हणून सांगितलं. आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे आखायचा ठराव असाच झाला होता.

स्विस हॉटेलात नवीनच भानगड. दाराशी खाचेत खोलीचं कार्ड सरकवलं की वीज, काढलं की अंधार. म्हणजे आपण दिवसभर डोंगर बघायला गेलो की सॉकेटही सुट्टीवर. मेहुण्यांनी हे आधीच हेरलेलं. "दाजी, त्या खाचेला कार्ड कुठलंही चालतं. पाकिटात काय आहे?" वाचनालयाचं सभासद कार्ड होतं. ते सरकवलं, दिवे लागले. वर्गणी भरून पहिल्यांदाच त्या कार्डाने प्रकाश पाडला. गेम चार्जिंगला लावून आम्ही निर्धास्तपणे बाहेर पडलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा खोली आवरलेली, चादरी ताणलेल्या आणि वाचनालयाचं कार्ड टेबलावर कागदी रुमालात व्यवस्थित ठेवलेलं. गेम होता तिथेच होता. चिरंजीवांनी त्या संध्याकाळी आमच्याशी बोलणं टाकलं, आणि मुलाने गेम सोडून आमच्याशी बोलावं म्हणून वर्षभर झटणारे आम्ही दोघं जत्रेतला चार्जर घेऊन धावलो.

युंगफ्राऊला गेलो तो दिवस वेगळा. तिथलं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच, १९१२ साली सुरू झालेलं. बाहेर बर्फ, वारा, नुसतं पांढरं. सगळ्यांनी फोटोसाठी फोन काढले आणि एकेक करून फोन मान टाकू लागले. थंडीत लिथियमच्या बॅटरीचा जोर ओसरतो. मेहुण्यांचा चाळीस टक्के असलेला फोन हातातल्या हातात गेला. माझा आधीच गेलेला. बायकोचा आणि आईचा, दोन्ही बॅगेत राहून गारठलेले. जिवंत होता एकच पडदा, चिरंजीवांच्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरलेला.

"अरे, यावर काढ ना फोटो!" मेहुणे ओरडले.

"मामा, याला कॅमेरा नसतो."

मग युरोपच्या माथ्यावर, कडाक्याच्या वाऱ्यात, आम्ही सगळे जण त्या पडद्याभोवती कोंडाळं करून उभे राहिलो. गेममध्येही बर्फाचा डोंगर होता. एक माणूस त्यावर चढत होता. आई म्हणाली, "याला स्वेटर घाल की रे." चिरंजीवांनी त्याला गरम कपडे घातले. आमच्याकडे युंगफ्राऊची आठवण म्हणून तोच स्क्रीनशॉट आहे. नातेवाइकांना दाखवतो. डोंगर छान आलाय म्हणतात.

इटलीबद्दल फार सांगत नाही. तिथे तीन भोकं एका ओळीत, शिवाय एकाच खोलीत दोन मापांची. तोवर चिरंजीवांचा नावलौकिक ग्रुपभर झाला होता. नागपूरचे काका दाढीचं मशीन घेऊन, सांगलीच्या काकू फोन घेऊन आमच्या खोलीपुढे रांगेत असायच्या. चिरंजीव पलंगाखाली सरपटत जाऊन निदान करायचे. "काका, तुमचं मोठ्या भोकांचं आहे. पडद्यामागे बघा." फ्लॉरेन्सजवळ कुठेतरी पहाटे बसमध्ये सगळे झोपेतून जागे होताना टूर मॅनेजरने माइकवर विचारलं, "मंडळी, आपण आता कुठल्या देशात आहोत?" मागून खणखणीत उत्तर आलं, "टाइप एल!"

शेवटच्या दिवशी रोमच्या विमानतळावर टूर मॅनेजरने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. 'सर्वांत आवडलेलं स्थळ' या रकान्यात आईने 'लूव्ह्रमधला बाक' लिहिलं. मेहुण्यांनी लंडन लिहिलं आणि कंसात 'टोपण परत द्यावे'. बायको बराच वेळ पेन चावत बसली होती. नागपूरचे काका फॉर्म घेऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "अहो, ते युंगफ्राऊ झालं ना आपलं, तिथे नेमकं काय होतं हो?"

मी आठवायला लागलो. चिरंजीव खाली खांबापाशी मांडी घालून, चार्जर लावून खेळत होते. मान वर न करता म्हणाले, "टाइप जे."

काकांनी जाकिटातून चष्मा काढला आणि रकान्यात तसं लिहिलं.